बारकोड नाही म्हणून रद्दी?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गुडघ्यांचं निमित्त सांगून चालणार नाही, कारण गुडघे दुखत असतानाही गेले अडीच महिने मी रोज दुपारी वाचनालयात जाते आहे. घरच्यांना वाटतं, आजीला या वयात नवीन खेळणं मिळालं. मिळालंच आहे. हातात मावणारं, पिस्तुलासारखं दिसणारं, बिनतारी बारकोड स्कॅनर! पण आज मी त्या खेळण्याचं कौतुक करायला बसलेली नाही, भांडायला बसले आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना माझी भांडणं नकोशी होतात (ठाण्याच्या वहिनी, तुम्हीच!) त्यांनी इथूनच परत फिरावं.

तर झालं असं. आमच्या भागातलं वाचनालय बरंच जुनं आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण संस्थेशी नाही, एका विचाराशी आहे, आणि तो विचार आता सगळीकडेच बोकाळला आहे. आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा खाडीवर पूल होता, पण रेल्वे नव्हती. मानखुर्दच्या पुढे गाडी वाशीला यायला १९९२ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत पुस्तकं आणायची म्हणजे बसने दादरला जायचं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्याने परत यायचं. आमचे हे दर महिन्याला जात. चार घरांतली पुस्तकं आणि एक लोखंडी कपाट एवढ्यावर ते वाचनालय सुरू झालं. त्याचं पहिलं दाखल रजिस्टर ह्यांच्या अक्षरात आहे.

दाखल रजिस्टर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला, आल्या क्रमाने, एक क्रमांक मिळतो. रजिस्टरात त्या क्रमांकापुढे पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, विकत घेतलं की देणगी आली, हे सगळं लिहायचं. तोच क्रमांक पुस्तकात शिक्क्याखाली लिहायचा. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असल्या तर त्यांना तीन वेगळे क्रमांक. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (परीक्षेला येणार आहे, असं म्हणायची सवय अजून गेलेली नाही.)

यंदा मंडळाने संगणकीकरण करायचं ठरवलं. चांगली गोष्ट. सभेत मीही हात वर केला होता. एका ठेकेदाराला काम दिलं. दोन मुलं आली, दोन स्कॅनर घेऊन. पुस्तक उचलायचं, उलटं करायचं, मागे काळ्या पट्ट्यांचा चौकोन असला की त्यावर लाल उजेड टाकायचा. 'टिंग' वाजलं की पुस्तक उजवीकडे. पट्ट्याच नसल्या तर डावीकडे. चार दिवसांत डावीकडचा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत पोचला. मी गेले तेव्हा त्यावर एक कागद चिकटवलेला होता, 'नॉन बारकोड'.

कार्यवाहांना विचारलं, "अरे, यांचं काय करणार?" कार्यवाह माझाच विद्यार्थी, सातवी ब, आता पन्नाशीला आला आहे. म्हणाला, "बाई, ती सिस्टीममध्ये येत नाहीत ना. जागापण नाहीये. काढून टाकायचं ठरलंय." ठरलंय काय, दोन पोती आदल्या दिवशी गेलीही होती. चौदा रुपये किलोने. उरलेला ढीग मी आणि ग्रंथपाल ताईंनी बसून मोजला. २,१४० पुस्तकं भरली.

मंडळी, पस्तीस वर्षं शिकवलं मी. मुलाने 'मला येत नाही' म्हटलं तर राग येत नाही. 'ते पुस्तकात नाही' असं म्हणून उत्तर द्यायचं टाळलं तर मात्र येतो. "सिस्टीममध्ये येत नाही" हे त्याच जातीचं उत्तर आहे. म्हणून ठरवलं की आधी ही सिस्टीम म्हणजे काय ते समजून घ्यायचं. पुण्याच्या नातवाला फोन केला, "मला एक तो स्कॅनर घेऊन दे, बिनवायरचा." तो आधी हसला, पण आठवड्याने खोकं आलं. साधारण अडीच-तीन हजारांच्या आसपासची वस्तू आहे, काही फार महाग नाही.

आता बारकोड म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अमेरिकेत नॉर्मन वुडलँड नावाच्या तरुणाने मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून वाळूत बोटांनी रेघा ओढल्या. तारायंत्राची मोर्स लिपी त्याला लहानपणापासून येत होती. तिचे टिंब आणि रेघा खाली ताणल्या तर जाड-बारीक पट्ट्या होतात, ही त्याची कल्पना. त्याला आणि बर्नार्ड सिल्व्हरला १९५२ साली पेटंट मिळालं, पण त्या पट्ट्या वाचणारं स्वस्त यंत्र यायला आणखी वीस वर्षं लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं 'टिंग' झालं. इतकी साधी गोष्ट आहे. त्या पट्ट्यांत च्युइंगमची चव नसते, नाव नसतं, किंमतसुद्धा नसते. दुकानातल्या बारकोडात असतो फक्त एक क्रमांक. त्या क्रमांकाची वस्तू कोणती आणि किती रुपयांची, हे दुकानाच्या संगणकात कोणीतरी माणसाने आधी भरून ठेवलेलं असतं. भरलं नसेल तर यंत्र टिंग करतं आणि पडद्यावर काहीच येत नाही.

म्हणजे स्कॅनर हा वाचणारा नव्हेच. तो आकडे टाइप करणारा आहे! मी पेटीतला छोटा खुंटा संगणकाला लावला, नोटपॅड उघडलं, चहाच्या पुड्यावर उजेड टाकला, तर तेरा आकडे टाइप होऊन कर्सर आपोआप खालच्या ओळीवर. संगणकाला वाटतं, कोणीतरी कळफलकावर आकडे बडवून एंटर दाबलं. दुसरं काही नाही. माहितीपुस्तिकेतही पानापानावर बारकोडच असतात. आवाज कमी करायचा असेल तर हा वाचा, एंटर नको असेल तर तो वाचा. त्याला हुकूम द्यायचा तोही पट्ट्यांतूनच.

आता पुस्तकांकडे या. पुस्तकाच्या मागे छापलेल्या बारकोडात त्याचा आयएसबीएन असतो. हा आंतरराष्ट्रीय क्रमांक प्रमाण म्हणून ठरला १९७० साली. तो आधी दहा आकडी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला. म्हणजे १९७० च्या आधी छापलेल्या मराठी पुस्तकावर तो असणं शक्यच नाही. 'रणांगण' १९३९ चं. 'बनगरवाडी' १९५५ चं. 'कोसला' १९६३ चं. यांच्या जुन्या आवृत्त्या वाचनालयात असतील, आणि असायलाच हव्यात, तर त्या सगळ्या डावीकडच्या ढिगात. १९७० नंतरही कितीतरी वर्षं आपल्या लहान प्रकाशकांनी तो क्रमांक घेतला नाही, आणि स्वतःच्या खर्चाने कवितासंग्रह काढणाऱ्या शिक्षकाला तर तो ठाऊकही नव्हता. दिवाळी अंकांचं काय? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या वाचनालयांचं निम्मं वैभव दिवाळी अंकांत आहे. ते नियतकालिक, त्यांना आयएसबीएन नसतो.

थोडक्यात काय, 'बारकोड नसलेली पुस्तकं काढा' असं म्हणणं म्हणजे 'जुनं मराठी काढा' असं म्हणणं. ते तोंडाने बोलायची कोणाची हिंमत झाली नसती. यंत्राच्या तोंडून बोलली की होते.

आणि गंमत पुढेच आहे. उजवीकडचा ढीग तरी बरोबर होता का? तर तोही नाही! मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आता काढा. आयएसबीएन हा आवृत्तीचा क्रमांक आहे, प्रतीचा नव्हे. एका कादंबरीच्या आमच्याकडे तीन प्रती. तिघींच्या पाठीवर एकच बारकोड. एक प्रत सभासदाने नेली की संगणकाला कळेना, कुठली गेली. परत आली दुसरीच. दंड कोणाला लावायचा? तेव्हा नव्याकोऱ्या पुस्तकालाही वाचनालयाची स्वतःची पट्टी लावावीच लागते, आणि तिच्यावर क्रमांक कोणता? तर दाखल क्रमांक. जो रजिस्टरात आहे, शिक्क्याखाली शाईने लिहिलेला आहे, गेली चाळीसहून अधिक वर्षं तिथेच आहे. प्रकाशकाच्या बारकोडवर वाचनालय चालतच नाही. म्हणजे ज्या कारणासाठी दोन पोती गेली, ते कारणच मुळात चुकीचं होतं.

मग असं का झालं? ठेकेदाराचं दरपत्रक मागून घेतलं तेव्हा उलगडा झाला. आयएसबीएन असला की पुस्तकाची माहिती इंटरनेटवरून आपोआप ओढता येते, निदान तशी आशा असते. नसला की माणसाने बसून नाव, लेखक, प्रकाशक टाइप करायचं, तेही मराठीत. त्यासाठी दर पुस्तकामागे आठ रुपये जादा. २,१४० पुस्तकांचे झाले १७,१२० रुपये. हे खरं कारण. यंत्राला येत नाही हे नव्हे, टंकलेखनाला पैसे द्यायचे नव्हते. तसं सरळ सांगितलं असतं तर मी त्याच सभेत पदर खोचून वर्गणी गोळा केली असती. वर्धापनदिनाच्या फ्लेक्सवर आणि शाल-श्रीफळांवर किती जातात ते मला विचारायला लावू नका.

असो. बोलून थांबले असते तर माझ्यात आणि सिस्टीमवाल्यांत फरक काय? मी तीन महिन्यांची मुदत मागितली. मी, ग्रंथपाल ताई (मानधन तुटपुंजं, काम डोंगराएवढं), बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी आणि त्यांच्या सौ. असे चौघं. पद्धत सोपी. रजिस्टर समोर ठेवायचं, पुस्तकाची माहिती संगणकात टाइप करायची, दाखल क्रमांकाची पट्टी चिकटपट्टीच्या कागदावर छापायची, आतल्या पानावर लावायची. पट्ट्या तयार करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. संपूर्ण ग्रंथालय चालवणारं 'कोहा' नावाचं सॉफ्टवेअरसुद्धा फुकट आहे, १९९९ साली न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी तयार झालेलं. पैशाची अडचण होती असं म्हणायची सोय तिथेही नाही.

चुका केल्या, त्या लपवत नाही. कोणाला उपयोग होईल.

पहिली चूक. कादंबऱ्यांच्या क्रमांकाआधी मी हौसेने इंग्रजी मोठं 'के' घातलं. पट्टी छापली, वाचली, संगणक म्हणाला 'नोंद नाही'. पुन्हा वाचली, पुन्हा तेच. कार्यवाह शेजारीच उभा! शेवटी पडद्यावर नीट पाहिलं, तर 'के'च्या जागी 'ख' उमटलेला. मराठी टाइप करायला कळफलक मराठीवर ठेवला होता. स्कॅनर बिचारा 'के'ची कळ दाबत होता, आणि मराठी कळफलकावर त्या कळीला, शिफ्टसकट, 'ख' आहे. कळफलक इंग्रजीवर नेला आणि काम झालं. मी कार्यवाहाला म्हटलं, "बघ, हे पुस्तकही आत्ता सिस्टीममध्ये येत नव्हतं. टाकायचं होतं का रद्दीत?" तो हसला. पण कागद काढला नाही हो त्या ढिगावरचा!

दुसरी चूक. पट्टी शोभून दिसावी म्हणून एक पान लाल शाईत छापलं. एकही वाचलं गेलं नाही. स्कॅनरचा उजेडच लाल, त्यात लाल रेघा पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात. काळ्या रेघाच हव्यात, आणि दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा. वर चकचकीत चिकटपट्टी लावली तर उजेड परततो, मग स्कॅनर जरा तिरका धरायचा.

तिसरी चूक वयाची. बिनतारी आहे म्हणून आतल्या खोलीत गेले, लोखंडी कपाटांच्या मागे, आणि साठेक पुस्तकं टिंग टिंग करून बाहेर आले. संगणकात एकही नाही! लोखंडामागून लहरी पोचत नव्हत्या, आणि न पोचल्याची टिंग वेगळी वाजते ती माझ्या कानांना कळली नाही. मग नातवाने फोनवरून सांगितलं, "आजी, त्याला साठवायच्या मोडवर टाक." पुस्तिकेतला तो बारकोड वाचला की क्रमांक स्कॅनरच्या पोटात साठतात. नंतर संगणकाजवळ येऊन दुसरा एक बारकोड वाचायचा, की सगळे क्रमांक भराभरा ओतले जातात.

बिनतारी असण्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. पूर्वी मे महिन्यात पुस्तकांची मोजणी व्हायची तेव्हा कपाटं रिकामी करून गठ्ठे टेबलापर्यंत वाहायचे. आता पुस्तकं जागेवर आणि आपण त्यांच्यापर्यंत. माझ्या गुडघ्यांसाठी याहून मोठा शोध नाही. तेव्हा मी यंत्राच्या विरुद्ध आहे असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये. हे यंत्र गरीब आहे. दिलेला क्रमांक मुकाट्याने टाइप करतं. क्रमांक कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे ते कधीच ठरवत नाही. ते आपण ठरवतो आणि नाव त्याचं पुढे करतो.

पहिल्या रजिस्टरातले १ ते १,००० क्रमांक आम्ही पुरे केले आणि मी मोजणी घेतली. ११८ क्रमांक कुठेच नव्हते. त्यांतल्या ४१ पुढे रजिस्टरात लाल शाईने कारण लिहिलेलं होतं. गहाळ, जीर्ण, सभासदाने भरपाई दिली, वगैरे. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही. राहिलेल्या ७७ पुढे काही नाही. काही मधल्या काळात हरवली असतील, पण बरीच त्या दोन पोत्यांतून गेली, कारण दिवाळी अंकांच्या खंडांचे ओळीने अकरा क्रमांक त्यांत आहेत. ते खंड ह्यांनी स्वतः शिवून घेतले होते. मी ती ७७ नावं वहीत उतरवून काढली. त्यासाठी स्कॅनर लागत नाही.

लाल शाईतल्या त्या ४१ नोंदींकडे मात्र बघत राहिले. तेव्हा एक पुस्तक बाद करायचं तर कोणीतरी ते हातात घ्यायचं, कारण लिहायचं आणि खाली सही करायची. आता दोन पोती गेली आणि त्यावर एकाची सही नाही. कोणी ठरवलं? सिस्टीमने.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा ठेवायचा. गेल्या वर्षी माझा अंगठा जुळेना. एकदा, दोनदा, पाचदा. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात म्हणे. मी खिडकीसमोर उभी, नावगाव सांगते आहे, पण हयात आहे हे सिद्ध होईना! आतल्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आजी, बसा. आपण कागदावर करू." फॉर्म काढला, सही घेतली, काम झालं. पाच मिनिटं लागली. त्या मुलीकडेही तेच यंत्र होतं. फरक एवढाच की ते 'नाही' म्हणाल्यावर तिने मान वर केली.

आता मला जे प्रश्न विचारले गेले त्यांची उत्तरं.

"बाई, जागा कुठे आहे?" खरं आहे. नवी मुंबईत चौरस फुटाचा भाव काय आहे ते मलाही ठाऊक आहे. पुस्तकं काढावी लागतात, हेही मान्य. आम्ही त्या २,१४० मधून २९६ स्वतः बाजूला काढली. कसर लागलेली, पानं गळालेली, बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, तेच पुस्तक चौथ्यांदा. पण प्रत्येक उघडून पाहिलं, आणि रजिस्टरात कारण लिहून सह्या केल्या. काढण्याला माझा विरोध नाही, न बघता काढण्याला आहे.

"आता ही वाचतं कोण?" पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी असते, ती बघा की! ढिगातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर गेल्या दोन-तीन वर्षांतल्या तारखा आहेत. आम्ही टाइप करत बसलो होतो त्याच आठवड्यात एम.ए. करणारी एक मुलगी 'रणांगण' मागायला आली. संगणकात नव्हतं. डावीकडच्या ढिगात होतं, काढून दिलं.

"हल्ली सगळं नेटवर मिळतं." सगळं नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. त्यामुळे फार जुनी पुस्तकं नेटवर राजरोस मिळतात, आणि नवी दुकानात. मधली, म्हणजे साधारण पन्नास ते नव्वदच्या दशकातली, ज्यांची पुन्हा आवृत्ती निघाली नाही, ती दोन्हीकडे मिळत नाहीत. ती असतात फक्त अशा वाचनालयांत, आणि नेमकी तीच बिनबारकोडची.

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. लोकांच्या पैशातून लोकांसाठी वाचनालयं चालावीत म्हणून तो झाला. त्या वाचनालयांच्या कपाटांत काय राहावं हे ठेकेदाराच्या दरपत्रकावरून ठरू नये, एवढी अपेक्षा मोठी नाही.

येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. आतापर्यंत १,२६० पुस्तकांना पट्टी लागली. ५८४ राहिली आहेत, आम्हाला आणखी महिनाभर लागेल. पण ढीग ज्या खोलीत आहे ती महिनाअखेर रिकामी करा असा निरोप आला आहे. सभेत मी तीन गोष्टी मागणार आहे. एक, निव्वळ बारकोड नाही या कारणाने एकही पुस्तक बाद होणार नाही. दोन, बाद करायच्या पुस्तकांची यादी महिनाभर फलकावर लागेल, म्हणजे सभासदांना हरकत घेता येईल. तीन, प्रत्येक बाद पुस्तकापुढे रजिस्टरात कारण आणि दोन सह्या. लाल शाईने. वहीतली ७७ नावं मी वाचून दाखवणार आहे, कितीही वेळ लागला तरी.

तुमच्या गावातही वाचनालयाचं संगणकीकरण चालू असेल. एकदा जाऊन डावीकडचा ढीग कुठे आहे ते विचारा. आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांपैकी ज्यांना मराठी टाइप करता येतं, त्यांनी मला निरोप पाठवा. कुठे यायचं ते कळवते. दुपारी तीन ते सहा. चहा माझ्याकडून.